बी.कॉम. करू की सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप? गावाकडच्या पोरापोरींसाठी पायरी पायरीनं

बारावीचा निकाल लागला की माझ्या दुकानात रिटर्नवाल्यांपेक्षा पोरंपोरीच जास्त येतात. दुकान म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याला मेन रोडवर दहा बाय बाराची खोली, एक कम्प्युटर, पावसाळ्यात कागदच न ओढणारा एक प्रिंटर आणि बाहेर 'टॅक्स, जीएसटी, अकाउंटिंग' असा बोर्ड. यंदा आमच्या गावचे एक काकाजी पोरीला घेऊन आले. सात एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर, पोरीला कॉमर्सला ८१ टक्के. काकाजी म्हणे, "भाऊ, हे म्हणते कॉलेज नाई करत, डायरेक्ट सीएच्या ऑफिसात लागतो. आता तुमीच सांगा बा, कॉलेजात टाकू का ऑफिसात टाकू?"

त्या दोघांना चहा पाजून दोन तास जे सांगितलं तेच इथं लिहून राहिलो, म्हणजे दरवेळी दोन तास जाणार नाहीत. आधीच सांगतो, मी सीए नाही. बी.कॉम. अमरावती विद्यापीठाचं, मग नागपूरला २०१४ ते २०१७ तीन वर्षं आर्टिकलशिप, सीएच्या शेवटच्या परीक्षेचा, फायनलचा, एक ग्रुप (पेपरांचा गट) निघाला, दुसरा पाच वेळा दिला तरी नाही निघाला, आणि वापस आलो. म्हणजे दोन्हीकडची फी भरून झालेली आहे माझी.

पहिली पायरी: बारावीनंतर थेट आर्टिकलशिप मिळत नाही, हे समजून घ्या

सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. लोकांना वाटतं आयटीआयचा पोरगा जसा कारखान्यात अप्रेंटिस लागते तसं बारावीचं पोरगं सीएच्या ऑफिसात लागते आणि शिकता शिकता सीए होऊन जाते. तसं नाही. बारावीवर कोणी ऑफिसात ठेवून घेतलं तर ती साधी नोकरी झाली, व्हाऊचर एंट्री आणि झेरॉक्सची, तिचा एक दिवसही आर्टिकलशिपमध्ये धरला जात नाही.

आर्टिकलशिप म्हणजे आयसीएआय या इन्स्टिट्यूटकडे (१९४९ च्या कायद्यानं बनलेली, सीए बनवायचा अधिकार फक्त तिलाच) रीतसर नोंदवलेलं प्रशिक्षण. १ जुलै २०२३ पासून नवी स्कीम आहे, तिच्यात क्रम असा आहे: बारावी, मग फाउंडेशनची परीक्षा, मग इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप पास, मग आयसीआयटीएसएस म्हणजे कम्प्युटरचं आणि ओरिएंटेशनचं ट्रेनिंग, आणि त्यानंतर दोन वर्षं आर्टिकलशिप. ती संपल्यावर सहा महिने अभ्यासाला, मग फायनल. आधी आर्टिकलशिप तीन वर्षांची होती आणि माझ्यासारखा ग्रॅज्युएट डायरेक्ट एंट्रीनं, म्हणजे फाउंडेशन न देता डिग्रीवर आला तर इंटर पास व्हायच्या आधीच सुरू करता यायची, आता ते बंद. त्यामुळे मोठा दादा, मामेभाऊ, शेजारचा अमुक कसा झाला हे ऐकून गणित मांडू नका, त्याच्या वेळचे नियम वेगळे होते.

म्हणजे 'कॉलेज की ऑफिस' हा प्रश्न बारावीला पडतच नाही. तो पडतो इंटर निघाल्यावर, दीड-दोन वर्षांनी. हे ऐकून काकाजीचा अर्धा ताण तिथंच उतरला.

दुसरी पायरी: घर किती वर्षं थांबू शकते ते मोजा

मार्क किती, पोरगं हुशार किती, हे सगळे आधी विचारतात. मी विचारतो, घर किती वर्षं तुमच्या पगाराशिवाय चालेल? माझ्या मते सगळा निर्णय याच्यावर आहे, बाकी गोष्टी नंतर. आणि हे पोरांनी बापाला विचारायला लाजू नये, बापानंही 'तू शिक, पैशाचं मी पाहतो' म्हणून विषय बंद करू नये, कारण तो पैसा कपाशीचा असते आणि कपाशीचा पैसा दिवाळी ते संक्रांतीत एकदाच येते आणि त्यातला अर्धा कृषी केंद्राच्या उधारीत जाते.

एक वहीचं पान घ्या. डाव्या बाजूला वर्षं लिहा. यंदा बारावी झालेलं पोरगं, जानेवारीत फाउंडेशन, पुढच्या जानेवारीत इंटरचे दोन्ही ग्रुप एकदम, मार्चच्या आसपास निकाल, एप्रिल-मेपासून आर्टिकलशिप, दोन वर्षं, मग सहा महिने, मग पुढची फायनल. एकही परीक्षा न हुकता साधारण साडेचार वर्षं. आता खरं सांगतो, एकही न हुकता निघणारे फार थोडे असतात. फाउंडेशनचाच निकाल २०२३ ते २०२५ मधल्या परीक्षांत साधारण १५ ते ३० टक्क्यांमध्ये फिरून राहिला, म्हणजे शंभरातले सत्तर-पंच्याऐंशी पहिल्याच दारावर अडकतात. म्हणून पानावर सहा-सात वर्षं धरा.

उजव्या बाजूला पैसे. फाउंडेशनची नोंदणी साधारण नऊ-साडेनऊ हजार, इंटरच्या दोन्ही ग्रुपची १८ हजारांच्या आसपास, फायनलची २२ हजारांच्या आसपास, परीक्षेच्या फॉर्मचे पैसे वेगळे, ट्रेनिंगचे वेगळे. एवढ्यात इंजिनिअरिंगचं एक वर्षही होत नाही, त्यामुळे 'सीए लय महाग' हे खोटं आहे. महाग असते ती क्लासची फी आणि नागपूरची रूम आणि मेस. हे आकडे आज ज्याचं पोरगं तिथं आहे त्यालाच फोन करून विचारा, माझे २०१४ चे आकडे सांगून तुमची फसगत नाही करत.

आणि स्टायपेंडवर भरोसा ठेवू नका. किमान स्टायपेंड शहराच्या लोकसंख्येवरून ठरतो: २० लाखांच्या वर एक दर, ४ ते २० लाख दुसरा, ४ लाखांखाली तिसरा. नागपूर पहिल्यात बसते, अमरावती आणि अकोला मधल्यात, यवतमाळ, वर्धा, बुलडाणा शेवटच्यात. चांगलं ऑफिस किमानपेक्षा जास्त देते, पण तरी तो आकडा रूमभाड्यात जाते. मला पहिल्या वर्षी महिन्याला १,५०० मिळायचे. रूम पार्टनर मिळून चौघं होतो म्हणून जमलं.

या पानावरून जर दिसलं की घर तीन वर्षांच्या वर थांबू शकत नाही, लहान बहिणीचं लग्न आहे, बापाचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तर सीएचा विचार सोडा असं मी म्हणत नाही, पण क्रम बदला. आधी डिग्री, हातात काम, मग डायरेक्ट एंट्री. तो रस्ता समोर सांगतो.

तिसरी पायरी: फाउंडेशन देऊन स्वतःला तपासा, पण कॉलेजात नाव ठेवून

बी.कॉम.ला जवळच्या कॉलेजात ऍडमिशन घ्या आणि सोबत फाउंडेशनला नोंदणी करा. दोन्ही एकत्र चालते. फाउंडेशन वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे-जून आणि सप्टेंबर. चार पेपर, प्रत्येकी १०० मार्क: अकाउंटिंग, बिझनेस लॉ, मग गणित-लॉजिकल-स्टॅटिस्टिक्सचा एक आणि इकॉनॉमिक्सचा एक. शेवटचे दोन ऑब्जेक्टिव्ह, चुकलं की पाव मार्क कापतात. प्रत्येक पेपरात ४० आणि एकूण मिळून ५० टक्के पाहिजेत. आमची पोरं मारली जातात ती दुसऱ्या अटीवर, ४२, ४५, ४४, ४८ असे मार्क येतात, प्रत्येकात पास आणि तरी नापास, आणि घरी समजावता समजावता नाकी नऊ येतात.

गावाकडच्या पोरांच्या दोन खऱ्या अडचणी आहेत. एक गणित, अकरावी-बारावीला गणित सोडून दिलेलं असते आणि तिसरा पेपर बहुतेक त्याचाच. पण त्यातलं व्याज, गुणोत्तर, सरासरी हे सगळं सावकाराच्या हिशोबात तुम्ही लहानपणापासून पाहिलेलं आहे, घाबरायचं काम नाही, दोन महिने रोज बसा. दुसरी भाषा. पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतो, मराठीत नाही. काही जण हिंदी घेतात, विदर्भात हिंदी तर सगळ्यांना येते म्हणून, आणि मग पुस्तकातली ती 'देयता', 'परिसंपत्ति', 'अवक्षयण' वाली हिंदी पाहून डोकं धरतात. बाजारातली हिंदी वेगळी आणि ही वेगळी. माझं मत, मोडकंतोडकं असलं तरी इंग्रजीच धरा, कारण समोर ऑफिसात नोटिसा, पोर्टल, रिपोर्ट सगळं इंग्रजीतच आहे.

क्लासला हजारो रुपये भरायच्या आधी एक महिना असं करा: इन्स्टिट्यूटचं स्टडी मटेरियल त्यांच्या वेबसाईटवर फुकट आहे, त्यातला अकाउंटिंगचा भाग उतरवून घ्या, रोज दोन तास, उदाहरण आधी स्वतः सोडवा मग उत्तर पाहा. इन्स्टिट्यूट ऑनलाईन फुकट क्लासही घेते. महिन्याभरानंतर जर्नल एंट्री करताना मजा येऊन राहिली की झोप, हे तुम्हालाच कळते. आमच्याकडं एक पोट्टा आला होता, सगळ्यांना सांगत फिरायचा सीए करून राहिलो म्हणून, त्याला विचारलं प्रोव्हिजन आणि रिझर्व्हमध्ये फरक काय, तर म्हणे ते क्लासमध्ये अजून घेतलं नाही. क्लास लावून चार महिने झाले होते.

फाउंडेशनचे दोन अटेम्प्ट द्या, फार तर तीन. नाही निघालं तरी काही वाया जात नाही, बी.कॉम. चालूच आहे आणि ग्रॅज्युएशनला ५५ टक्के आले तर फाउंडेशनशिवाय थेट इंटरला जाता येते. कॉमर्सवाल्यांना ५५, बाकी पदवीवाल्यांना ६०. म्हणून बी.कॉम.ला 'पास झालो की झालं' ही वृत्ती ठेवू नका, ५३ टक्के आलेला माझा वर्गमित्र अजून हळहळते.

चौथी पायरी: डिग्री सोडायची नाही

याच्यावर मी जरा हट्टी आहे. नागपूरला आमच्या रूमवर पुसदकडचा एक मित्र होता, इंटर निघालेला, आर्टिकलशिप पूर्ण, फायनल अडकलेलं. हुशार इतका की ऑफिसात सीनियर त्याला विचारून काम करायचे. पण त्यानं बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडून दिलं होतं, 'सीए होणारच आहे तर कायले पाह्यजे डिग्री' म्हणून. २८ व्या वर्षी बँकेचा फॉर्म भरायला बसला तर कागदावर तो बारावी पास. मग वय वाढलेलं असताना मुक्त विद्यापीठातून वापस पहिल्यापासून.

एमपीएससीतून लेखा सेवेत जायचं तर पदवी लागते, बँकेच्या क्लार्क-पीओला लागते, सहकार खात्याच्या जीडीसी अँड ए या परीक्षेला लागते, जीएसटी प्रॅक्टिशनर (लोकांची जीएसटी रिटर्नं भरून देणारा) व्हायला लागते. नव्या स्कीममध्ये फायनल नाही निघालं पण बाकीचे टप्पे आणि ठरलेल्या अटी पूर्ण केल्या तर इन्स्टिट्यूट 'बिझनेस अकाउंटिंग असोसिएट' असं सर्टिफिकेट देते, चांगली गोष्ट आहे, पण सरकारी फॉर्ममध्ये पदवीचा रकाना त्यानं भरत नाही.

कॉलेज कुठलं हे फार मनावर घेऊ नका. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम, बुलडाणावाले संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात येतात, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदियावाले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात, चंद्रपूर आणि गडचिरोलीवाले गोंडवाना विद्यापीठात. अकाउंटिंगच्या नोकरीत तालुक्याचं कॉलेज की नागपूरचं कॉलेज हे विचारणारा मला आजवर एकही भेटला नाही, टॅली येते का आणि जीएसटीचं रिटर्न भरता येते का हे सगळे विचारतात. घरून एसटीनं जाता येणारं कॉलेज घ्या, पैसे वाचतात ते इंटरच्या क्लासला लागतील. कॉलेजला जाणंच शक्य नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.कॉम. आहे. आता नव्या शैक्षणिक धोरणात डिग्रीतच ऑन जॉब ट्रेनिंगचा भाग आला आहे, तो कुठल्यातरी ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणून उरकू नका, खरंच एखाद्या ऑफिसात बसा.

एक हिशोब सांगतो. डिग्री पूर्ण करूनच आर्टिकलशिप धरली, म्हणजे फाउंडेशन आणि इंटर बी.कॉम.च्या तीन वर्षांत काढून टाकले, तर मघाच्या साडेचार वर्षांऐवजी साडेपाच होतात. जेमतेम एक वर्ष उशीर आणि आयुष्यभराची डिग्री खिशात. आर्टिकलशिप चालू असताना दुसरं शिक्षण करायचं म्हटलं तर इन्स्टिट्यूटचे नियम कडक आहेत, त्यामुळे ज्यांना घाई आहे त्यांनी नोंदणीच्या आधी नागपूर, अमरावती किंवा अकोल्याच्या शाखेत जाऊन परवानगीचं विचारून घ्यावं, क्लासवाल्याच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नये.

पाचवी पायरी: इंटर निघालं, आता ऑफिस निवडा, शहर नव्हे

इथं सगळ्यात जास्त पोरं चुकतात आणि मीही चुकलो. मला नागपूरच पाहिजे होतं, कारण गावात सांगायला बरं. मिळालं ते ऑफिस दिसायला मोठं, काचेचा दरवाजा, एसी. पहिले आठ महिने मी बँकेत चेक टाकले, फाईली लावल्या, साहेबांच्या घरचं वीज बिल भरलं. स्टायपेंड कधी दोन महिन्यांनी, कधी निम्मा. आणि सोडता येत नाही, कारण एकदा नोंदणी झाली की दुसऱ्या ऑफिसात ट्रान्सफर घ्यायचे नियम अवघड आहेत, मर्जीनं उठून जाता येत नाही. नशीब की दुसऱ्या वर्षी तिथं एक नवीन पार्टनर आले, त्यांनी मला टेबलवरून उठवून क्लायंटकडे पाठवलं, आणि जे काही शिकलो ते त्या पुढच्या दीड वर्षात.

तेव्हा पहिल्यांदा एका जिनिंगमध्ये गेलो. बाहेर कपाशीच्या गाड्यांची रांग, आत वजनकाट्याच्या पावत्या, आणि मुनीमजी जुन्या लाल वहीत लिहून राहिलेले. तिथं समजलं की गठाण किती, सरकी किती, घट किती, हे पावत्यांशी जुळवणं म्हणजेच स्टॉकचं ऑडिट. पुढं २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला की जिनिंगवाल्यानं रिव्हर्स चार्जनं टॅक्स भरायचा असा नियम आला, तर मला तो एका मिनिटात समजला, कारण ती पावती मी हातात धरलेली होती. पुस्तकातून वाचणाऱ्याला 'विकणारा टॅक्स भरते, मग इथं घेणारा काहून?' इथंच अर्धा तास जाते. आर्टिकलशिपचा खरा फायदा हा आहे आणि तो यवतमाळ-अकोल्याच्या छोट्या ऑफिसात कधी कधी नागपूरपेक्षा जास्त मिळतो. छोट्या ऑफिसात एकच पोरगं सकाळी दाल मिलचं जीएसटी, दुपारी पतसंस्थेचं ऑडिट, संध्याकाळी कंत्राटदाराचा टीडीएस पाहते. मोठ्या शहरातल्या मोठ्या फर्ममध्ये एकाच कंपनीचं एकच काम सहा महिने. ज्याला पुढं कंपनीत नोकरी पाहिजे, पुणे-मुंबईला जायचं आहे त्यानं मोठी फर्म घ्यावी, नाव कामाला येते. ज्याला वापस येऊन तालुक्यात स्वतःची प्रॅक्टिस टाकायची आहे त्यानं जिल्ह्याच्या ठिकाणचं चालतं ऑफिस घ्यावं. मोठी फर्म म्हणजे चांगलीच असं डोळे झाकून कोणाचं ऐकू नका.

जायच्या आधी हे करा. त्या ऑफिसात आता असलेल्या आर्टिकलला एकट्याला गाठा, ऑफिसात नाही, बाहेर चहाच्या टपरीवर. त्याला विचारा: ऑडिटला बाहेर नेतात का? मार्च-एप्रिलमध्ये बँक ब्रँचचं ऑडिट मिळते का? इन्कम टॅक्सच्या नोटिशीला उत्तर कोण लिहिते? परीक्षेच्या आधी सुट्टी किती देतात, आणि खरंच देतात का? स्टायपेंड बँक खात्यात येतो का? मागच्या दोन-तीन आर्टिकलपैकी फायनल कोणाचं निघालं? नियमात आठवड्याचे ३५ तास आहेत. जुलै, सप्टेंबरला कोणी ३५ तासांत घरी जात नाही, हे मान्य आहे, पण वर्षभर रात्री नऊ वाजत असतील तर तुम्ही फायनलचा अभ्यास कधी करणार?

मुलींनी आणखी दोन गोष्टी विचाराव्या, बाहेरगावच्या ऑडिटला राहायची सोय काय आणि सोबत कोण असते. विचारायला संकोच वाटला तर आईबापानं विचारावं, चांगला सीए या प्रश्नानं चिडत नाही, चिडला तर तिथंच उत्तर मिळालं.

आणि करारनामा झाल्यावर ३० दिवसांत नोंदणी इन्स्टिट्यूटकडे गेली पाहिजे, ते स्वतः पोर्टलवर लॉगिन करून पाहा. 'टाकतो, टाकतो' म्हणत ऑफिसनं दोन महिने घातले तर ते दोन महिने तुमचे गेले.

सहावी पायरी: सीए नाही करायचं किंवा नाही झालं, तरी शिकाऊ म्हणून बसायची जागा आहे

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षापासून तालुक्यातल्या टॅक्स कन्सल्टंटकडे किंवा अडत्याकडे दुपारचे चार तास बसा. पगार विचारू नका पहिले तीन महिने, नंतर मात्र विचारा, फुकटात राबू नका. महिन्याचं चक्र हाताला लागलं पाहिजे: ७ तारखेला कापलेला टॅक्स म्हणजे टीडीएस भरायचा, ११ ला विक्रीचं जीएसटी रिटर्न जीएसटीआर-१, २० ला टॅक्स भरायचं रिटर्न ३बी. सहा महिने हे चक्र फिरवलं की टॅलीच्या क्लासचं सर्टिफिकेट कोणी विचारत नाही.

डिग्री झाल्यावर अप्रेंटिस कायद्याखाली नॅट्स म्हणून केंद्राची योजना आहे, बँका आणि कंपन्या त्यातून कॉमर्सच्या पदवीधरांना वर्षभर घेतात, २०१९ च्या नियमांत पदवीधराला किमान ९,००० रुपये महिना ठरले होते. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, ज्याला लोक 'लाडका भाऊ' म्हणतात, २०२४ ला सुरू झाली तेव्हा पदवीधराला १०,००० होते. दोन्हीत एक लक्षात ठेवा, ही मुदतीची कामं आहेत, संपल्यावर नोकरी लागेलच असं कुठंही लिहिलेलं नाही. पण अनुभवाचा कागद आणि थोडा पैसा, आणि जर तुम्हाला बाबू लोकांनी नुसतं आवक-जावक रजिस्टरवर बसवलं नाही तर कामही शिकता.

आता माझं लाडकं, जीडीसी अँड ए. हे शहरातल्या लोकांना माहीतच नसते. महाराष्ट्राच्या सहकार खात्याची परीक्षा आहे, पदवीधर देऊ शकतो. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात सर्टिफाइड ऑडिटर म्हणून जी पात्रता दिली आहे तिच्यात पदवी, जीडीसी अँड ए, ऑडिटचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचं कामचलाऊ ज्ञान, असं आहे. मराठी लिहिलेलं पाहून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. आमच्याकडं प्रत्येक गावात सेवा सोसायटी, प्रत्येक बाजारपेठेत दोन-चार पतसंस्था, दूध संस्था, पगारदारांच्या सोसायट्या, या सगळ्यांचं दरवर्षी ऑडिट होते. तालुक्यात राहून अकाउंटिंगवर पोट भरायचं असेल तर सीएच्या खालोखाल हाच रस्ता आहे आणि घर तीन वर्षांच्या वर थांबू शकत नाही असं पानावर निघालं त्यांना मी हाच सांगतो: बी.कॉम., सोबत ऑडिटरच्या हाताखाली काम, जीडीसी अँड ए, आणि पैसा आला की डायरेक्ट एंट्रीनं सीए इंटर.

सीएमए पण आहे, कॉस्ट अकाउंटिंगचं, त्याला १५ महिन्यांचं ट्रेनिंग, कारखान्यात नोकरी पाहिजे असेल, बुटीबोरी, चंद्रपूरकडं, तर चांगलं.

आणि मी जे करून राहिलो, टॅक्स कन्सल्टंट, त्याचं खरं सांगतो. जीएसटी प्रॅक्टिशनरची नोंदणी कॉमर्सच्या पदवीवर होते, परीक्षा द्यावी लागते. घर चालते, गावात मान आहे. पण ऑडिटवर सही माझी चालत नाही. माझा एक क्लायंट आहे, सोयाबीनचा व्यापारी, उलाढाल वाढत वाढत टॅक्स ऑडिटच्या मर्यादेच्या वर गेली, सगळे हिशोब मी लिहिले, मी जुळवले, आणि सप्टेंबरमध्ये फाईल घेऊन यवतमाळला सीएकडे मीच बाईकनं जातो. ते दहा मिनिटं पाहतात, दोन प्रश्न विचारतात, सही करतात. प्रश्न बरोबर असतात त्यांचे, तक्रार नाही. फक्त वापस येताना लाडखेडच्या स्टँडवर चहा घेतो तेव्हा तो राहिलेला ग्रुप आठवतो.

सातवी पायरी: कागदपत्रं, आणि ती आजच

काकाजीच्या पोरीचं ठरलं ते असं. दारव्ह्यालाच बी.कॉम., सोबत जानेवारीची फाउंडेशन, क्लास सध्या नाही, इन्स्टिट्यूटचे फुकटचे ऑनलाईन आणि शनिवारी माझ्या दुकानात येऊन खऱ्या बिलांच्या एंट्र्या. इंटर निघालं तर डिग्री संपवून यवतमाळ किंवा अमरावतीचं ऑफिस, आत्याचं घर अमरावतीला आहे म्हणून. काकाजीनं उठता उठता विचारलं, "मंग हे सीए झाली त आपल्या सोसायटीचं ऑडिट करन का?" मी म्हटलं करू शकते, पण घरच्या माणसाच्या सोसायटीचं करणं बरं नाही. ते म्हणे, "मंग काय फायदा?" आणि पोरगी हसायला लागली.

निघायच्या आधी तिच्या हातात यादी दिली, तीच देतो. आधार आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे, आमच्याकडं निम्म्या पोरांचं एकीकडं आडनाव आधी आणि दुसरीकडं शेवटी असते, आणि इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवर नोंदणी तिथंच अडकते. जुळत नसेल तर आधार सेंटरवर आधी जा. फोटो, सही, मार्कशीटच्या प्रती, आणि त्या साक्षांकित करायला कॉलेजचे प्राचार्य किंवा ओळखीचे सीए. मोबाईल नंबर स्वतःचा द्या, कॅफेवाल्याचा नाही, ओटीपीसाठी त्याच्या मागं फिरावं लागते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, ओबीसी असाल तर नॉन क्रिमीलेयर, रहिवासी, हे राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीला लागतात, ती बी.कॉम.च्या ऍडमिशनवर मिळते, नुसत्या सीएच्या नोंदणीवर नाही, हेही डिग्री न सोडायचं एक कारण धरा. नागपूरच्या महाज्योतीच्या, तसंच बार्टी, सारथी या वेगवेगळ्या प्रवर्गांसाठीच्या सरकारी संस्थांच्या जाहिरातींवर नजर ठेवा, आपल्या प्रवर्गाचं काही निघालं तर मुदत फार थोडी असते. आणि सेतू केंद्रावर जून लागला की पेरणीच्या कागदांची आणि शाळेच्या दाखल्यांची गर्दी एकदम होते, सर्व्हर बसते, म्हणून निकालाची वाट न पाहता मे महिन्यातच एका सकाळी दहाच्या आत जाऊन अर्ज टाकून या.